बडोद्याहून मुलीकडे अमेरिकेला जातोय. नॉर्थ कॅरोलिनातल्या आउटर बँक्स बेटांवर कधी जावं?

काका, मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा गाठा. ऑगस्ट-सप्टेंबरात चक्रीवादळांचा जोर असतो आणि बेटांवरचा मुख्य रस्ता, महामार्ग १२, पाण्याखाली जाऊ शकतो. भाड्याच्या घरात स्वयंपाकघर असतं, भाजणी बरोबर न्या.

किल डेव्हिल हिल्स चुकवू नका. राइट बंधूंची १७ डिसेंबर १९०३ ची चार उड्डाणं जिथे संपली, तिथे दगड उभे केलेत. पहिलं जेमतेम ३६ मीटर, चौथं २६० मीटर! ते अंतर पायी चाला, अंगावर काटा येतो.

एक मात्र हात जोडून सांगतो, सुरतजवळच्या डुमस किनाऱ्याच्या सवयीने तिथल्या पाण्यात उतरू नका. आत ओढणारे प्रवाह जबर असतात. लाल बावटा असेल तर काठावरच थांबा. ओढले गेलातच, तर किनाऱ्याला समांतर पोहा.