‘लेजंड’ लपवू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बँडमधल्या पोरांनी तुझ्या फोनमध्ये जमैकाचा रेगे गायक बॉब मार्लीचा ‘लेजंड’ पाहिला आणि ‘हा टी-शर्टवाला मार्ली, रेगे कळणारी माणसं हे ऐकत नाहीत’ असं म्हणून तुला गप्प केलं. तू तो अल्बम काढून टाकलास आणि आता मला विचारतोयस, की ‘खरा’ मार्ली कुठून ऐकायला घेऊ. आज रात्रीच तो परत टाक. सुरुवात तिथूनच कर. फक्त या वेळी बेस गिटार मांडीवर घेऊन बस आणि घाई करू नकोस.

हा संग्रह 8 मे 1984 ला बाजारात आला. 11 मे 1981 ला मायामीच्या रुग्णालयात कॅन्सरनं मार्ली गेला, तेव्हा तो अवघा 36 वर्षांचा होता. म्हणजे त्याला जाऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. संग्रहात 14 गाणी. सगळी आधीच्या रेकॉर्डवर येऊन गेलेली, नवं एकही नाही. तरी इंग्लंडमध्ये तो सलग 12 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. अमेरिकेत बिलबोर्डच्या अल्बमयादीत त्याचे 800 हून जास्त आठवडे भरलेत, आणि त्या बाबतीत त्याच्या पुढे पिंक फ्लॉइडचा एकच अल्बम आहे. ही नुसती आठवणींची खरेदी नव्हे. मार्ली गेल्यावर वीस-वीस वर्षांनी जन्मलेली पोरं हे ऐकतायत, त्यात तूही आलास.

तुझ्या मित्रांच्या बोलण्यात तथ्य आहे, तेही तुला नीट माहीत असू दे, म्हणजे पुढच्या वेळी मान खाली घालावी लागणार नाही. तेव्हा मार्लीच्या रेकॉर्ड काढणाऱ्या आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीचा कारभार डेव्ह रॉबिन्सन बघत होता. मार्लीची गाणी गोऱ्या श्रोत्यांच्या घरात पोचवायची, हा त्याचा सरळ हिशोब होता आणि त्यानं तो पुढे उघडपणे सांगितलाही. म्हणून प्रेमाची, दिलाशाची, नाचाची गाणी पुढे आली. ही निवड कशी झाली ते बघायचं असेल तर 1977 चा ‘एक्झोडस’ काढ. त्या रेकॉर्डची पहिली बाजू जड आहे: अन्याय, पाप, शत्रू, आणि शेवटी देश सोडून निघालेल्या माणसांचं शीर्षकगीत. दुसरी बाजू हलकी. पहिल्या बाजूच्या पाच गाण्यांतलं ‘लेजंड’मध्ये फक्त शीर्षकगीत आलं, दुसऱ्या बाजूच्या पाचांपैकी चार आली. 1979 चा ‘सर्व्हायव्हल’ हा त्याचा सगळ्यांत उघड राजकीय अल्बम. त्याच्या कव्हरवर आफ्रिकी देशांचे झेंडे आहेत आणि नावाच्या मागे गुलामांनी खच्चून भरलेल्या जहाजाचा आराखडा. त्यातलं एकही गाणं घेतलं नाही. इथिओपियाचा सम्राट हाइले सेलासीच्या संयुक्त राष्ट्रांतल्या 1963 च्या भाषणावरून बांधलेलं ‘वॉर’सुद्धा नाही.

इथपर्यंत तुझे मित्र बरोबर आहेत. पण निवडणाऱ्याला जे गाळायचं होतं ते पुरतं गाळता आलं नाही, आणि माझ्या मते हा संग्रह इतकी वर्षं टिकला तो त्यामुळेच. ‘जॅमिंग’ घे. लग्नाच्या वरातीपासून किनाऱ्यावरच्या शॅकपर्यंत कुठेही वाजतं, लोक हात वर करून नाचतात. त्यात मध्येच एक ओळ येते, की आता आम्हाला कुठलीच गोळी थांबवू शकत नाही. ती गोळी खरी होती. 3 डिसेंबर 1976 च्या रात्री जमैकाची राजधानी किंग्स्टनला 56, होप रोड या त्याच्या घरात बंदूकधारी घुसले. त्याच्या छातीला आणि दंडाला लागलं, पत्नी रीटाच्या डोक्याला लागलं, मॅनेजर डॉन टेलर मरता मरता वाचला. निवडणूक तोंडावर होती, दोन पक्षांच्या टोळ्या वस्त्या वाटून घेऊन लढत होत्या, आणि मार्लीनं दोन दिवसांनी होणाऱ्या एका मोफत जाहीर कार्यक्रमात गायचं कबूल केलं होतं. तरी 5 तारखेला तो पट्टी बांधून स्टेजवर आला आणि गायला. नंतर देश सोडून लंडनला गेला, आणि ‘एक्झोडस’ तिथे पुरा झाला.

‘थ्री लिट्ल बर्ड्‌स’ही त्याच अल्बमवरचं. काळजी करू नकोस, सगळं ठीक होईल, एवढंच ते गाणं म्हणतं, तेही तीन कॉर्डमध्ये. ते लहान मुलांचं गाणं वाटतं आणि वाटू दे. पण अंगावर गोळी झेलून परदेशात राहणाऱ्या माणसानं ते रेकॉर्डवर ठेवलंय हे कळल्यावर ‘ठीक होईल’ या शब्दांचं वजन बदलतं. ‘गेट अप, स्टँड अप’ तर सरळ हक्कासाठी उभं राहा म्हणतं. ते त्यानं बँडमधला जुना साथीदार पीटर टॉशबरोबर लिहिलं. आणि ‘बफलो सोल्जर’ अमेरिकी फौजेतल्या काळ्या घोडेस्वारांची गोष्ट सांगतं, आफ्रिकेतून चोरून आणलेल्या माणसांची. (चौदांत मला सगळ्यांत कमी आवडणारं गाणं हेच. मागचा कोरस फार गोडगोड आहे. पण शब्दांकडे लक्ष दे.)

आता तुझ्या कामाचं बोलतो.

बेस वाजवणारा आहे ॲस्टन बॅरेट, ज्याला सगळे फॅमिली मॅन म्हणायचे, आणि ड्रमवर त्याचा धाकटा भाऊ कार्लटन. मार्लीचा आवाज, रीटा, मार्सिया ग्रिफिथ्स आणि जुडी मोवॅट यांचा कोरस, ऑर्गनची बुडबुडल्यासारखी साथ, सगळं या दोन भावांच्या खांद्यावर उभं आहे. ‘इज धिस लव्ह’ लाव आणि पायानं एक-दोन-तीन-चार मोज. किक, म्हणजे पायानं वाजवायचा मोठा ड्रम, पहिल्या मात्रेवर पडत नाही. ती तिसरीवर पडते, स्नेअर ड्रमच्या कडेवरच्या फटक्याबरोबर, म्हणजे रिमशॉटबरोबर. पहिली मात्रा मोकळीच राहते. गिटारचा छोटा कोरडा फटका दोनवर आणि चारवर. जमैकात या ठेक्याला ‘वन ड्रॉप’ म्हणतात. तू लहानपणी तबला शिकलास, त्यामुळे समेवर येऊन पडायची तुझ्या हाताला सवय आहे. इथे सम रिकामी ठेवायची आहे आणि तरी ऐकणाऱ्याला ती जाणवली पाहिजे. आपल्याकडच्या बँडचा रेगे नेमका इथे फसतो. ड्रमर घाबरून पहिल्या मात्रेवर किक मारतो, बेसवालाही तिथेच उडी घेतो, आणि गाण्यातली हवा जाते.

बॅरेटच्या ओळी कागदावर उतरवल्या तर फारच सोप्या दिसतील. ‘वेटिंग इन व्हेन’चा मोठा भाग दोन कॉर्डमध्ये फिरतो, ‘एक्झोडस’ जवळजवळ एकाच कॉर्डवर चालतं. खरं शिकायचं ते प्रत्येक स्वर किती वेळ धरायचा आणि कुठे कापायचा. तुझ्या बेसचं टोनचं बटण जवळजवळ बंद कर, उजव्या हाताची बोटं नेककडे आण आणि स्वर संपवायची वेळ आली की डाव्या हाताचा दाब काढून घे. एकाच गाण्याच्या पहिल्या आठ मात्रांवर दोन दिवस घालवलेस तरी चालेल. आणि ‘एक्झोडस’कडे आलास की ड्रमरला सांग, तिथे वन ड्रॉप नाही, तिथे किक चारही मात्रांवर चालते. गाणं माणसं चालत निघाल्याचं आहे आणि किकही तशीच चालते.

हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस. तुझ्या बेसच्या जाड तारेचा मोकळा स्वर 41 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही. म्हणजे ‘मी लेजंड शंभरदा ऐकलाय’ म्हणणाऱ्यांतल्या कित्येकांनी त्याचा पाया ऐकलेलाच नसतो. बरा हेडफोन घे, नाहीतर मामाच्या घरचे ते जुने मोठे स्पीकर आहेत ते लाव. गोव्यात गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा महोत्सव भरतो. कधी जमलं तर जा आणि एकावर एक स्पीकर रचलेल्या साउंड सिस्टमसमोर उभा राहा. तो बेस आधी बरगड्यांना लागतो, कानाला नंतर.

‘नो वुमन, नो क्राय’बद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते तुमच्या कार्यक्रमात घ्यायचं म्हणतोयस. ‘लेजंड’वरचं हे गाणं जुलै 1975 मध्ये लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये झालेल्या कार्यक्रमातलं आहे. त्याआधी स्टुडिओत केलेली आवृत्ती आहे, तिच्यात ड्रम मशीन आहे आणि चाल बरीच जलद. दोन्ही लागोपाठ ऐक. शब्द तेच, सूर तेच; पण लायसियममध्ये लय खाली आणली आहे, ऑर्गन आधी एकटा उलगडतो, आणि मार्लीनं पहिलं कडवं सुरू करायच्या आधीच लोक धृवपद म्हणायला लागतात. संग्रहासाठी स्टुडिओतली आवृत्ती सोडून ही घेतली, हा त्या निवडीतला फार शहाणा निर्णय. गाण्यात जे आहे ते ट्रेंचटाउनचं आहे: किंग्स्टनमधल्या सरकारी वसाहतीचं सामाईक अंगण, रात्रभर जळणारी लाकडं, सगळ्यांत वाटून खायची मक्याच्या पिठाची लापशी. गाण्याचा लेखक म्हणून मार्लीनं व्हिन्सेंट फोर्डचं नाव लावलं. तो तिथलाच, गरिबांसाठी स्वयंपाकघर चालवणारा मित्र. हे सगळं ठाऊक असलेला गायक ते गाणं रडवेलं करत नाही. तुमच्या गायकाला हे सांग. तो ते फार ओढून गातो.

आणि ‘रिडम्प्शन साँग’. तेरा गाण्यांत बेस-ड्रम आहेत, या एकात दोन्ही नाहीत. एकटा मार्ली आणि त्याची गिटार. सुरुवातच अशी, की चाच्यांनी मला पळवलं आणि व्यापारी जहाजांना विकलं. मनाच्या गुलामीतून स्वतःला सोडवा, हा त्यातला विचार काळ्या लोकांचा पुढारी मार्कस गार्व्हीचा. 1937 साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात केलेल्या भाषणात त्यानं तो मांडला होता. गार्व्ही आणि मार्ली दोघंही जमैकाच्या सेंट ॲन परगण्यातले. तुला मराठी माणूस म्हणून हे गाणं परकं वाटायचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी तिथल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. तिथल्या माणसांची बेडी आणि इथल्या माणसांची बेडी त्यांनी एकाच नजरेनं पाहिली होती. एकदा ती अर्पणपत्रिका वाच आणि लगेच हे गाणं लाव. कंपनीनं कितीही मऊ संग्रह करायचा म्हटलं तरी हे गाणं आत आलंच, कारण त्याची चाल इतकी सोपी आणि सुंदर आहे की ते बाहेर ठेवणं कोणालाच जमलं नसतं.

‘लेजंड’ पोटभर ऐकून झाला की ‘एक्झोडस’ पहिल्या बाजूपासून सलग ऐक, मग ‘सर्व्हायव्हल’, आणि मग मागे येऊन 1973 चे ‘कॅच अ फायर’ आणि ‘बर्निन’, ज्यांत टॉश आणि बनी वेलर हे सुरुवातीचे साथीदार अजून बरोबर आहेत. ‘सर्व्हायव्हल’मधलं ‘झिंबाब्वे’ ऐकताना ध्यानात ठेव, की एप्रिल 1980 मध्ये तो देश स्वतंत्र झाला त्या रात्री रुफारो स्टेडियममध्ये मार्लीनं ते प्रत्यक्ष गायलं होतं. हे सगळं तुझ्या मित्रांनाही ऐकव. भांडायला जाऊ नकोस. ज्यांनी तुला टोकलं, त्यांना मार्लीबद्दल प्रेम आहे म्हणूनच टोकलंय.

कार्यक्रमासाठी सहा गाणी कळवली आहेस ती जास्त आहेत. ‘नो वुमन’, ‘वेटिंग इन व्हेन’ आणि ‘एक्झोडस’ एवढी तीनच पक्की करा, आणि मध्ये ‘रिडम्प्शन साँग’ तुमच्या गायकाला एकट्याला गाऊ दे. तेवढा वेळ तू आणि ड्रमर स्टेजवरून खाली उतरा. ‘वेटिंग इन व्हेन’ बसलं की रेकॉर्ड करून पाठव. बेस एकटा नको, ड्रमसकट पाठव.

तुझा,
काका