धाकटीचा फोन उचल

गोव्यातल्या डिचोलीहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. तिच्या मोठ्या भावानं गेल्या दिवाळीनंतर आत्महत्या केली. आदल्या संध्याकाळी तो तिच्याजवळ सोप्यावर अर्धा तास बसला होता. ‘तेव्हा मला कसं कळलं नाही?’ हे तिनं चार पानांत सात वेळा विचारलंय. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली. गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतात, ती दादा बांधायचा आणि धाकटी बहीण त्याच्या हाताखाली असायची. यंदा मान वर करून बघवणार नाही, म्हणते. बाहेर ‘अटॅक आला’ असंच सांगायचं, हे घरात ठरलंय. आणि शेवटी, जाता जाता एक ओळ: ‘धाकटी मडगावला हॉस्टेलवर असते. रात्री फोन करते, पण दोघी नुसत्या रडत बसतो, म्हणून हल्ली मी उचलत नाही.’

बाय, माणूस जीव देतो त्यामागे बहुधा एकच कारण नसतं. आजार, ताण, लाज, बरंच काही साचत आलेलं असतं. अर्ध्या तासात ते तुला दिसायलाच हवं होतं, असं मला मुळीच वाटत नाही. त्यावर आज इतकंच, कारण त्या शेवटच्या ओळीचा मला राग आलाय. फोन उचलत नाहीस?

धाकटीच्या खोलीत जरा जाऊन बस. रूममेट विचारते, ‘भाऊ कसा गेला गो?’ ही म्हणते, ‘अटॅक.’ वर्गात तेच, मेसमध्ये तेच. दिवसभर ती खोटं सांभाळते. रात्री खरं बोलता येईल असं तिला एकच माणूस उरलंय आणि तिथे रिंग वाजून वाजून बंद होते. लोकांना काय सांगायचं ते घर ठरवू दे, पण तुम्हा दोघींत तरी खरं बोलायला जागा हवी. रडलात तर रडलात.

घरात असा मृत्यू झाला की मागे राहिलेल्यांनाही तसाच धोका वाढतो. म्हणून आज रात्री फोन उचल आणि सरळ विचार, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं ते विचार डोक्यात शिरत नाहीत. ती ‘हो’ म्हणाली तर फोन ठेवू नको. घरच्या कुणाला तरी वॉर्डनला कळवायला सांग, तिला एकटी राहू देऊ नका, रात्रीच मडगाव गाठा आणि तिला बांबोळीच्या सरकारी मनोरुग्ण इस्पितळात घेऊन जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो तुझ्यासाठीही आहे.

‘नाही’ म्हणाली तरी रविवारी पणजीहून कदंबाची शटल बस पकड आणि तिच्याकडे जा. चवथीला तिला घरी घेऊन ये. माटोळीला कांगलां, ती रानफळं, कुठे बांधायची आणि सुपारीचं शिपटं, म्हणजे घोस, कुठे, ते तिला विचार.