विधी नको म्हणाले, म्हणून दुःखही नको?

प्रिय मैत्रीण,

वडिलांच्या इच्छेनुसार तुम्ही त्यांचं देहदान केलंत, कोणतेही विधी केले नाहीत. सहा महिने झाले तरी नातेवाईक नावं ठेवतायत, भाऊ ‘आता पुरे’ म्हणतोय आणि तुम्ही रात्री फोनवर वडिलांचा जुना निरोप ऐकताय, ‘पोचलीस की कळव गं.’ ‘आमचं काही चुकलं का?’ असं विचारलंयत.

नाही चुकलं. चार लोकांचे टोमणे सोसून, गेलेल्या माणसाचा शब्द पाळणं सोपं नसतं. थायलंडमध्ये वैद्यकीय विद्यार्थी दान केलेल्या देहाला ‘थोर गुरू’ म्हणतात आणि अभ्यास संपला की सन्मानाने अंत्यसंस्कार करतात. तुमचे वडीलही आज कुणालातरी शिकवतायत.

पण तुम्हाला जाणवणारी पोकळी खरी आहे. अंत्यविधींनी गेलेल्याचं काय होतं ते असो, मागे राहिलेल्यांना त्यांचा आधार असतो. माणसं येतात, शेवटच्या दिवसांची तीच हकिगत पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि सांगता सांगता ‘ते गेले’ हे मनाला पटत जातं. ज्यू कुटुंबं सात दिवस घरात शोक करत बसतात. घरातलं माणूस बोलेपर्यंत भेटायला आलेल्याने आपणहून बोलू नये, असा तिथे संकेत आहे. मला ही रीत फार शहाणी वाटते. तुमच्या वाट्याला असं बसणं आलंच नाही. वडिलांनी स्वतःपुरते विधी नाकारले. तुम्ही रडू नये, असं काही ते म्हणाले नव्हते.

निरोप ऐकता यात वेडेपणा मुळीच नाही. जपानमधल्या ओत्सुचीत इतारू सासाकी यांनी २०१० साली बागेत टेलिफोन बूथ उभारला, वारलेल्या नात्यातल्या भावाशी बोलता यावं म्हणून. त्या फोनची तार कुठेही जोडलेली नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर हजारो लोक तिथे येऊन आपल्या माणसांशी बोलून गेले.

तुम्हीही आता बसा. एखाद्या संध्याकाळी वडिलांच्या जवळच्या मोजक्या माणसांना बोलवा, प्रत्येकाला त्यांचा एक प्रसंग सांगू दे, अगदी भांडणाचाही. तो निरोप आजच आणखी एका ठिकाणी उतरवून ठेवा, फोनचा काय भरवसा! नातेवाइकांना खुलासे देत बसू नका. भावाला मात्र आवर्जून बोलवा. ‘आता पुरे’ म्हणणाऱ्याला बरेचदा स्वतःचंच रडू आवरायचं असतं. तो काही बोलला नाही, नुसता येऊन बसला, तरी चालेल.

तुमची,
ताई