'संशोधन' : शोध की वजाबाकी?

प्रश्न असा आला आहे : 'आरोग्य, विज्ञान आणि समाज या तिन्ही क्षेत्रांतल्या विद्यापीठीय कामाला "संशोधन" हा एकच शब्द चालतो का? की समाजाच्या बाबतीत नुसतं "अभ्यास" म्हणावं?'

चालतो, खुशाल वापरा. मला खटकतं ते वेगळंच. 'फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनचं संशोधन केलं' हे वाक्य इतक्यांदा वाचनात येतं की चीड येते. 1928 मध्ये फ्लेमिंगना पेनिसिलिनचा शोध लागला. त्यातून रोग्याला देता येईल असं औषध उभं करण्याचं संशोधन फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये केलं, तेही दहाएक वर्षांनी. शोध लागतो, संशोधन करावं लागतं. क्रियापदंच फरक सांगतात, मग घोळ कशाला?

आता व्युत्पत्ती. 'सम्यक् शोध म्हणजे संशोधन' असं सांगून जाणकार मोकळे होतात आणि जोडीला 'रिसर्च'ची 'पुन्हा शोध' अशी फोड करून देतात. ती फोड चूक आहे. त्यातला 'रि' फ्रेंचमधून आला आणि तिथे त्याचा अर्थ 'कसून' असा होतो. काहींना 'गवेषणा' (संशोधनालाच दुसरा शब्द, मुळात 'गाय शोधणं') यातली गाय दाखवायची हौस असते. गाय तिथे आहे, पण प्रश्न तिचा नाही.

'संशोधन'चा धातू शुध्. म्हणजे आधी शुद्ध करणं, शोधणं मागाहून. चरकसंहितेत वमन-विरेचनाने, म्हणजे ओकारी-जुलाब देऊन, दोष शरीराबाहेर काढणं ते संशोधन, आणि ते जागच्या जागी शांत करणं ते संशमन. हिंदीत घटनेचं 'संशोधन' होतं ते याच जुन्या अर्थाने. मराठीत मात्र 'दुरुस्ती'च म्हणा. पण माझा जीव अडकलाय तो भास्कराचार्यांच्या बीजगणितात : 'संशोध्यमानं स्वमृणत्वमेति', म्हणजे वजा होणारी धन राशी ऋण होते. इथे संशोधन म्हणजे चक्क वजाबाकी!

ही गणिताची परिभाषा, आजच्या अर्थाशी तिचा काय संबंध, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. संबंध आहे, आणि तो कामातच दिसतो. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित, साधारण अर्ध्या टक्क्याने, जड भरतो हे ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांच्या ध्यानात आलं. तो जास्तीचा भार कशाचा, याच्या मागे रसायनशास्त्रज्ञ रॅम्झे आणि रॅली लागले आणि 1894 मध्ये आरगॉन हा वायू हाती आला. बाकी उरली, तिचं नाव आरगॉन.

त्याहून सुंदर उदाहरण डॉक्टर जॉन स्नो यांचं. 1854 च्या लंडनमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. काही वस्त्यांत एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. एक कंपनी सांडपाणी मिसळलेल्या थेम्सचं पाणी देई. दुसरीने, लॅम्बेथने, आपलं पाणी उचलण्याचं ठिकाण 1852 मध्ये नदीच्या वरच्या अंगाला नेलं होतं. गरीब-श्रीमंत, हवा, घरं, व्यवसाय, सगळं दोन्हीकडे सारखंच. स्नो यांनी दारोदार फिरून कोणत्या घरात कोणाचं पाणी येतं ते विचारलं. दर 10,000 घरांमागे मृत्यू पहिल्या कंपनीकडे 315, लॅम्बेथकडे 37. जे जे समान ते वजा केलं आणि पाणी उरलं. आता हे आरोग्याचं संशोधन म्हणायचं की समाजाचं? वाटणी करणाऱ्यांनी करून दाखवावी.

तेव्हा 'समाजाच्या बाबतीत अभ्यास म्हणा' हा सल्ला कुणी दिला असेल तर तो सोडून द्या. अट तिन्हीकडे एकच. नुसती माहिती गोळा केली असेल तर सर्वेक्षण म्हणा, संकलन म्हणा, दोन्ही कामं मोलाची आहेत. 'संशोधन' मात्र तेव्हाच म्हणा, जेव्हा काय वगळलं आणि कशाच्या आधारे वगळलं हे प्रबंधात दाखवता येईल.