सूनबाई 'आपण' म्हणते म्हणजे रुसली का?

प्रश्न: ताई, मी गुहागरची. मुलगा जर्मनीत, सून तिकडचीच. तिला मराठी येत नाही नि मला जर्मन, म्हणून आम्ही दोघी मोबाईलवर आपापल्या भाषेत लिहितो आणि ॲप फिरवून देतं. पण तिचे मेसेज येतात ते असे, "आपण कृपया आपल्या गुडघ्याची काळजी घ्यावी." एसटी स्टँडवरची पाटीच जणू! परवा आंबापोळी पाठवू का विचारलं तर "नको, धन्यवाद." बस्स. आमच्या घरात कोणी आपण-बिपण बोलायला लागलं की समजायचं बिनसलंय. हिचं काय समजू?

उत्तर: काकू, रुसलीबिसली नाहीये ती. जर्मनमध्येही आपल्यासारखे तू आणि तुम्ही वेगळे आहेत, डू म्हणजे तू आणि झी म्हणजे तुम्ही (हो, ऐकायला चॅनलवालं झीच). घोळ मधल्या मधे होतो. बरीच ॲपं इंग्रजीवरून वळसा घेतात, म्हणजे गुहागरहून चिपळूणला जायचं ते मुंबईवरून, आणि इंग्रजीत यू एकच. पूर्वी तिथेही तू साठी दाऊ होता, 17व्या शतकाच्या आसपास तो रोजच्या बोलण्यातून गेला आणि उरला तो खरं तर तुम्ही. तर सून डू म्हणाली की झी, हे त्या वळणावरच सांडतं आणि पुढे ॲप स्वतःच्या मनाने आपण चिकटवतं. कृपयाचंही तेच, त्यांचं बिट्टे उठताबसता असतं, आपण ते काम 'हां', 'गो', 'ना' वर भागवतो.

'नको, धन्यवाद' मात्र ॲपची चूक नाही. आपल्याकडे तीनदा नको म्हटल्याशिवाय कोणी नको खरं धरत नाही, त्यांच्यात पहिलंच नको खरं, आणि धन्यवाद जोडलं की ते सभ्यही झालं. उलट तुमचंही बघा हां, 'चल येते' लिहून तुम्ही मोबाईल ठेवला आणि तिकडे ते 'मी येतेय' होऊन पोचलं तर ती बिचारी पाहुण्यांची खोली आवरायला घेईल! 'आता ठेवते, उद्या बोलू' असं सरळ लिहा. आणि 'जेवलीस का गो' मधला गो तर कुठल्याच ॲपला पेलणार नाही, तो व्हिडिओ कॉलवर तोंडाने म्हणा, तिला नाही कळला तरी आवाज कळेल.

मुलाला एकदा विचारा, मूळ मेसेजात ती तुम्हाला डू लिहिते का झी. झी लिहीत असेल तर त्यांच्यात रीत अशी की डू म्हणायचं मोठ्या माणसाने सुचवायचं, लहानाने नाही. डू म्हणण्याला चक्क एक क्रियापद आहे, डूत्सन. म्हणजे कदाचित ती तुमच्याकडूनच अडलीय! मुलाकडून जर्मनमध्ये एक ओळ लिहून घ्या, 'मला तू म्हण', आणि तीच पाठवा. ॲपमधून नको, ते त्यातही झी घुसवायचं.

आंबापोळी मुलाच्या नावावर पाठवा.