परीक्षा 'टेक' केली, म्हणजे घेतली की दिली?

सेलूच्या अकरावीतल्या एका मुलीची शंका आहे: "पुस्तकात 'शी टुक द एक्झाम' असं वाक्य आहे. टेक म्हणजे घेणे. मग परीक्षा तिनं घेतली की दिली?"

दिली. घोळ इंग्रजीमुळं नाही, आपल्या मराठीमुळं होतोय. आपल्याकडं मास्तर परीक्षा घेतात, लेकरं देतात. इंग्रजीत परीक्षेला बसणाराच ती 'टेक' करतो, घेणारा 'गिव्ह' करतो. 'आय गेव्ह द एक्झाम' हे भारतात सगळ्यांना कळतं, पण लंडनच्या माणसाला वाटेल, तू मास्तरीण आहेस.

'टेक'ला 'घेणे' जोडून पाठ केलं की असं अडतं. गोळी घेणे, सुट्टी घेणे इथं जुळतं, पुढं नाही. मी तर म्हणेन, 'घेणे'च्या आधी 'नेणे' लक्षात ठेव. आई म्हणते, "जाताना शेतात बाबाला भाकर ने, येताना कोथिंबीर आण." यातलं 'ने' म्हणजे टेक, 'आण' म्हणजे ब्रिंग. हा फरक आपल्या बोलण्यात पहिल्यापासून पक्का आहे, तरी इंग्रजी बोलताना आपण दोन्हीकडं 'ब्रिंग' वापरतो.

दुसरा मोठा अर्थ 'लागणे'. परभणीहून नांदेडला रेल्वेनं तास-दीड तास लागतो. इथं 'वन अवर रिक्वायर्ड' असं अर्धवट बोलू नको, 'इट टेक्स अॅन अवर' म्हण. त्या 'इट'ला स्वतःचा अर्थ नाही. इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो, म्हणून तो बसवलाय.

'टेक ऑफ' म्हणजे चप्पल काढणे, अन् विमानानं उडणेही. 'टेक आफ्टर' मला फार आवडतं: 'शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर', म्हणजे पोरगी आजीवर गेलीय. आपलं 'वर जाणं'ही परक्या माणसाला तितकंच कोड्यात टाकेल.

गंमत म्हणजे 'टेक' हा शब्दच इंग्रजीनं बाहेरून घेतलाय. इंग्लंडात येऊन राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या 'टाका' या क्रियापदापासून तो आला आणि त्यानं जुन्या इंग्रजीतलं 'निमन' मागं सारलं. जर्मनमध्ये त्याचं भावंड 'नेमेन' अजून रोजच्या वापरात आहे. इंग्रजीत त्याची खूण 'नंब'मध्ये उरली: बधिर, म्हणजे ज्याची जाणीव काढून घेतलीय असा.

आता तुझं वाक्य थोडं वाढवून बघ. 'शी टुक द एक्झाम अँड इट टुक थ्री अवर्स.' तिनं परीक्षा दिली, तीन तास लागले.