कंपनी 23 चं ॲव्हरेज सांगते, माझी गाडी पुण्यात 13 देते. गाडीत दोष आहे का?

तुम्ही लिहिलंय ते असं: 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, चार महिने झाले. मुलीला शाळेत सोडायचं, तसंच पुढे ऑफिस, सगळं कोथरूड-डेक्कनच्या आत, एसी कायम चालू. आणि सर्व्हिसवाल्याने "सर, नीट चालवा" म्हणून बोळवण केली. हे सगळं असताना 13 मिळत असेल तर गाडी ठणठणीत आहे. माझीही याच वर्गातली आहे, तीही कोथरूडातच. शहरात 13 ते 14 देते आणि आमच्या दोघांचं उत्तम चाललंय.

मी प्रत्येक टाकीचा हिशेब डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहितो. खोड वडिलांची. ते चेतक रिझर्व्हला आली की बरोबर एक लिटर टाकायचे आणि पुन्हा रिझर्व्ह लागेपर्यंतचे किलोमीटर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मांडायचे. वहीतली अलीकडची पानं अशी: शहरातच 412 किलोमीटर, 29.6 लिटर, म्हणजे 13.9. मे महिन्यात 374 किलोमीटर, 29.2 लिटर, 12.8. कोल्हापूरला जाऊन-येऊन 486 किलोमीटर, 24.3 लिटर, बरोबर 20. गाडी तीच, चालवणाराही तोच. त्यामुळे "ही गाडी किती ॲव्हरेज देते?" या प्रश्नाला मी हल्ली "कुठे?" एवढंच विचारतो.

आता तो 23. हे आकडे आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या अधिकृत संस्थांत काढतात आणि ते खोटे नसतात. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. चाकं रोलरवर ठेवून ठरलेल्या तक्त्याप्रमाणे 1180 सेकंद, म्हणजे 20 मिनिटंसुद्धा नाही, चालवतात. त्यात जास्तीत जास्त वेग ताशी 90. थांबेही असतात, पण मोजूनमापून. एसी बंद. हॉलचं तापमानही ठरलेल्या मर्यादेत. नळ स्टॉपला डावीकडून घुसणारी रिक्षा त्या तक्त्यात नाही. एक गंमत सांगतो. 2021 च्या स्विफ्टचा कागदावरचा आकडा मॅन्युअलला 23.20 आणि एएमटीला, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या गाडीला, 23.76 होता. मॅन्युअलचे गिअर कुठल्या वेगाला बदलायचे हे चाचणीतच ठरलेलं असतं, एएमटी स्वतःच्या अकलेने बदलते. म्हणून "ऑटोमॅटिक जास्त ॲव्हरेज देते" हे शोरूममधलं वाक्य ऐकून घ्या आणि सोडून द्या. हा आकडा दोन गाड्या शेजारी ठेवून पाहायला कामाचा आहे. तुमच्या पेट्रोलचं बजेट त्यावर बसवू नका.

मग मधले 10 जातात कुठे? सगळ्यात मोठा चोर म्हणजे उभी गाडी. एसी लावून इंजिन नुसतं चालू ठेवलं तर अशी गाडी तासाला सुमारे लिटरभर पेट्रोल खाते. समजा घर ते ऑफिस 8 किलोमीटर आहे आणि मोकळ्या रस्त्याला गाडी 18 देते. म्हणजे लागायला हवं साधारण 445 मिली. वाटेत सगळे सिग्नल मिळून 12 मिनिटं उभे राहिलात की 200 मिली आणखी गेलं. झाले 645 मिली. भागाकार करा, 12.4 येतं. गाडी एक इंचही वाईट चाललेली नाही!

दुसरं म्हणजे तुमच्या फेऱ्या फार छोट्या आहेत. इंजिन थंड असताना जास्त पेट्रोल मागतं, आणि ते पुरतं तापायच्या आत तुम्ही पोहोचलेले असता. मी एकदा रविवारी सकाळी साडेसहाला, गाडी आधी थोडी फिरवून तापवून घेऊन, कर्वे रस्त्यावरून रोजच्याच वाटेने गेलो. डिस्प्लेवर 17.8 आलं. त्याच रस्त्याला शुक्रवारी संध्याकाळी 11.2 होतं.

पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलबद्दल तुम्ही विचारलंय. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे 20 टक्के मिश्रणात लिटरमागे 6-7 टक्के कमी. तुमच्या 13 मध्ये हा हिशेब जेमतेम किलोमीटरभराचा. सगळं खापर त्याच्यावर फोडू नका.

हायवेला गेलात की वेग बघा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, 80 वरून 100 ला गेलात की तो दीडपटीच्या पुढे. आणि मुंबईहून येतानाचं ॲव्हरेज जातानापेक्षा कमी आलं म्हणून घाबरू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर वर आहे. माणसांसकट 1100 किलोची गाडी एवढी वर चढवायला, इंजिनात वाया जाणारं धरून, अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल निव्वळ चढाला जातं. म्हणून मोजायचं तर जाऊन-येऊन मोजा. उतरताना न्यूट्रल करायची जुनी सवय मात्र सोडा. आताच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की इंजिनाचं पेट्रोल बंद करतात. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

मोजण्याबद्दल: डिस्प्लेवर विसंबू नका. माझा 15.1 दाखवत होता तेव्हा वही 13.9 म्हणत होती. एकाच पंपावर टाकी भरताना पहिल्या ऑटो कटला, म्हणजे नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की, थांबायचं, ट्रिप मीटर शून्य करायचा, पुढच्या वेळी पुन्हा तसंच. "सर, राउंड फिगर करू का?" असं पंपावरचा पोरगा विचारेल, नाही म्हणायचं. तीन टाक्यांची सरासरी काढा. टायरची हवा पंधरवड्याला, टायर थंड असताना. हाफ क्लचवर चढाला गाडी धरून ठेवू नका, त्यात क्लचही जातो.

आणि काळजी कधी करायची, तर तुमचाच आकडा तुमच्याच रस्त्यावर अचानक घसरला तर. गेल्या जुलैत माझा 13.9 चा 11.3 झाला. पाऊस, ट्रॅफिक, काहीबाही म्हणून मी महिना काढला. मग एकदा घरी आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला (टेकवू नका, चटका बसतो). मागचं उजवं चाक इतरांपेक्षा चांगलंच गरम होतं. हँडब्रेक ओढून गाडी आठवडाभर पावसात उभी होती, त्यात ब्रेक अडकला होता. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ड्रम उघडून साफ केला, अर्ध्या तासाचं काम. पुढची टाकी 13.7.